दिवसभर दिसणारी आई

"आई, दुपारची गोळी घेतलीस का?"

कपाटावरून धम्मपालचा आवाज आला आणि मी मेथी निवडता निवडता मान वर केली. "घेतली रे बाबा, घेतली!" कपाटाकडे बघून मी ओरडले. दारात उभी असलेली शेजारची मालन फिदीफिदी हसली. "शांतामावशी, कपाटाशी भांडता होय?"

भांडू नको तर काय करू? सून प्रियांका बाळंतपणाला माहेरी गेली आणि त्याच आठवड्यात मी मोरीत घसरले. लागलं काही नाही, पण लेकाने घाबरून ठाकुर्लीच्या आमच्या दीड खोलीत कपाटावर बोलणारा कॅमेरा बसवला. तो तिकडे कोलशेतच्या ऑफिसात, आणि मी इथे कपाटासमोरून गेले की त्याच्या फोनवर घंटी वाजते. पोटच्या पोराची काळजी, मी कशाला नाही म्हणू? चहा पिताना मी मुद्दाम कप उंच करून दाखवते.

मालन आत आली. माझ्या पुढ्यातलं पातेलं बघून तिचं हसणं थांबलं. "मावशी, अहो, मेथीबरोबर गवतपण टाकलंय तुम्ही."

मला रडूच आलं. डोंबिवलीला औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात पाकिटांवरचा तारखेचा शिक्का तपासण्यात जन्म गेला माझा. एक पुसट आकडा नजरेतून सुटत नव्हता. आता उजव्या डोळ्याला धुकं आणि डाव्याला नुसता उजेड. मोतीबिंदू पिकलाय, शुक्रवारी डावा डोळा करून टाकू, सोबत घरचं माणूस आणा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

"धम्माला सांगितलंत ना?" मालनने विचारलं.

"दोनदा सांगितलं."

"मग?"

"हं म्हणाला."

"जाऊ दे, मी येते तुमच्यासोबत," मालन म्हणाली. गुणाची पोर आहे. पण मला माझा धम्माच हवा होता. डोळ्याला हत्यार लावणार म्हणजे काय गंमत आहे? आत नेईपर्यंत हात धरायला आपलं माणूस नको?

त्याच दिवशी, गुरुवारी संध्याकाळी तो घरी आला. कानात ती पांढरी बोंडं, हातात फोन. चपला काढतानाही मान खाली. मी ताट वाढलं. उजव्या हाताने भाकरी मोडत होता, डावा अंगठा फोनवर फिरत होता.

"धम्मा, उद्या यायचंय ना रे?"

"हं."

"कुठे यायचंय?"

"हं."

माझं डोकंच फिरलं. तरातरा उठले आणि कपाटासमोर जाऊन उभी राहिले. त्याच्या हातातला फोन थरथरला. सवयीने त्याने बोट दाबलं असणार.

"हॅलो," मी कॅमेऱ्याला म्हणाले. "मी तुझी आई बोलतेय, तुझ्या पाठीमागून. उद्या सकाळी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मालन येईल, पण मला तू हवास. मला भीती वाटते रे."

मेलं, शेजारी बसून सांगितलेलं त्याला ऐकू जात नव्हतं. कपाटावरून गेलेलं मात्र बरोबर कानात शिरलं.

"ऑपरेशन?" त्याने कानातली बोंडं उपटली. "आई, अगं कधी सांगितलंस?"

"सोमवारी सांगितलं. परत काल सांगितलं, तू जेवत होतास तेव्हा."

"पण मी तर रोज बघतो तुला! नीट फिरतेस, चहा पितेस..."

"तू बघतोस रे मला. मला तू कुठे दिसतोस?"

तो उष्ट्या हाताने तसाच उठला, मला कॉटवर बसवलं आणि समोर खाली बसला. "मी येतोय उद्या. ऑफिसला कळवतो, येणार नाही म्हणून. तू रडू नको." रडत तर तोच होता. आवाजावरून कळतं की आईला.

"आत्ता दिसतो का मी?" त्याने विचारलं.

"दारात असलास की नुसता शर्ट दिसतो. थांब, जरा पुढे ये."

मी त्याची हनुवटी धरली आणि तोंड ट्यूबलाइटकडे वळवलं. किती दिवसांनी पोराला इतक्या जवळून बघत होते. गाल बसले होते त्याचे.

"धम्मा, दाढीत पांढरे केस आले तुझ्या?"

"झालं की दीडेक वर्ष."

"मला बोलला नाहीस."

तो कसनुसं हसला. त्याच्या वडिलांचेही ओठाखालचेच केस आधी पिकले होते. मी अंगठ्याने तिथे चाचपत राहिले. तो मान वर करून तसाच बसून राहिला.