नारळ आणि मेणबत्ती

रिठदकडचं हे जिल्हा परिषदेचं सर्कल, म्हणजे मतदारसंघ, कोणाचंच नव्हतं. एकदा या पक्षाचं, एकदा त्या पक्षाचं. मारोतराव मात्र तिथून दोनदा जिल्हा परिषदेवर गेले, तेही काठावर. भांडण कोणाचंही असो, ते म्हणायचे, "तुमचंही बरोबर, त्याइचंही बरोबर." लोक त्यांना पारावरचा दगड म्हणत, कोणीही यावं आणि टेकावं. हसत, पण मत देत. निकालाच्या दिवशी ते घरी आले की त्यांच्या पत्नी तुळसाबाई जिंकले का हरले ते विचारत नसत. "जेवले का?" एवढंच.

तुळसाबाई गेल्या आणि मारोतरावांचं राजकारणातून मन उडालं. सकाळी सवयीनं दोघांचा चहा ठेवायचे आणि अर्धा ओतून द्यायचे. जुना कार्यकर्ता प्रेमसिंग उभं राहा म्हणून मागे लागला, तेव्हा त्यांनी हो म्हटलं. ही जागाही गेली तर दार वाजवायला कोणी येणार नव्हतं.

रिवाजाप्रमाणे मारोतीच्या पारावर प्रचाराचा नारळ फुटला. गुलाल उधळला, फोटो निघाले. मग सगळे बौद्ध वस्तीचे पुढारी शेषराव यांच्याकडे गेले. शेषराव दरवेळी मारोतरावांना आत खाटेवर बसवायचे. या वेळी अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या होत्या. चहा आला, हार घातला, आत या असं मात्र कोणी म्हटलं नाही.

मारोतरावांनी मनातल्या मनात मतं मोजली. वस्ती गेली की सर्कल गेलं. कार्यकर्ते पुढे गेल्यावर ते मागे थांबले आणि शेषरावांच्या बायकोला, भागिरथाबाईंना, आपलं काय चुकलं ते विचारलं.

"चुकलं काई नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "दर इलेक्शनले तुमी तिकडं नारळ फोडा, तवा वयनी इकडं विहारात मेणबत्ती लावे. मंग माह्या चुलीपाशी बसून चाय पिये. औंदा कोनी आलंच नाई."

"मले कधी सांगतलं नाई तिनं."

"सांगतलं असतं तं तुमी मना केलं असतं. गावातले रागावतीन म्हनून."

खरंच होतं. त्यांनी नक्की मना केलं असतं. लोक त्यांना मधला माणूस म्हणत. खऱ्या मधून चालत होत्या त्या तुळसाबाई.

ते एकटेच विहारात गेले. तुळसाबाई कुठं बसायच्या ते भागिरथाबाईंनी दाखवलं, खिडकीजवळची जागा. मारोतरावांनी मेणबत्ती लावली आणि तिथंच बसून राहिले. कोणीतरी फोटो काढला. प्रेमसिंगचे फोनवर फोन आले, त्यांनी उचलले नाहीत. संध्याकाळपर्यंत गावात बोलणं पसरलं, मारोतराव तिकडचे झाले म्हणून.

वस्तीनं भरभरून मतं दिली. गावानं हात आखडला. मारोतराव थोडक्यात पडले.

मोजणी आटोपून ते रिसोडहून मोटारसायकलवर एकटेच परतले. प्रेमसिंग नव्या सदस्याच्या मिरवणुकीत होता. वस्तीजवळ शेषरावांनी हात करून थांबवलं. अंगणात खुर्ची नव्हती.

"मंदी या, भाऊ," भागिरथाबाई म्हणाल्या. "भाकर टाकून राह्यली."

चुलीपाशी बसून त्यांनी पिठलं-भाकर खाल्ली. निकालाचा विषय कोणीच काढला नाही.

घरी येऊन त्यांनी कुलूप उघडलं. उंबऱ्यात उभं राहून म्हणाले, "पडलो."

जेवून आले होते, तरी कोणी विचारेल म्हणून थोडा वेळ तसेच उभे राहिले.