न जुळणारे तुकडे

संघरत्नाने माझ्याकडे वाक्ये मागितली, तेव्हा तिच्या वडिलांच्या शस्त्रक्रियेला एकोणीस दिवस उरले होते.

ती मुरबाडला माझ्या घरी आली, नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर चपला काढून तिने नमस्कार केला आणि उभ्यानेच म्हणाली, “सर, बाबांचं स्वरयंत्र काढावं लागणार आहे. नंतर आवाज राहणार नाही. त्याआधी मला तो साठवून ठेवायचाय.”

मग बसून तिने सारे शांतपणे समजावले. वडिलांनी काही शे वाक्ये वाचायची, ती ध्वनिमुद्रित करायची आणि त्यांवरून संगणकाला त्यांचा आवाज शिकवायचा. पुढे काळूभाऊ, म्हणजे तिचे वडील, फोनवर जे लिहितील, ते फोन त्यांच्याच आवाजात बोलून दाखवील. “मराठीतला एकही ध्वनी सुटता कामा नये, सर. हे तुमच्याशिवाय कोण करणार?”

किन्हवलीच्या शाळेत मी एकतीस वर्षे संस्कृत शिकवले. संघरत्ना तिथली माझी विद्यार्थिनी. पुढे ती अभियंता झाली आणि आता मुंबईतल्या एका कंपनीचे काम किन्हवलीच्या घरूनच करते. निवृत्तीनंतर मी एका वैद्यक ग्रंथाच्या पाच जुन्या पोथ्या ताडून पाहण्यात गुंतलो होतो. ग्रंथकाराचे मूळ शब्द कोणते आणि मागाहून नकलकारांनी घुसडलेले कोणते हे ओळखायचे, उपरे ते वगळायचे आणि शुद्ध पाठ सिद्ध करायचा, एवढाच माझा दिनक्रम होता. त्यामुळे संघरत्नाची मागणी मला मनापासून आवडली. चार दिवस खपून मी तीनशे वीस वाक्ये रचली. सांगताना लाज वाटते, पण त्या चार दिवसांत काळूभाऊंच्या गळ्यापेक्षा मला माझ्या वाक्यांचीच काळजी अधिक होती.

काळूभाऊंनी सत्तावीस वर्षे किन्हवली ते शहापूर जीप चालवली. “शापूऽर, शापूर, शापूर! आसनगाव टेसन!” ही त्यांची हाक नाक्यावरून निघून शाळेच्या खिडकीतून थेट माझ्या वर्गात येई. मी मुलांकडून रूपे म्हणवून घेत असे आणि मधेच ती हाक आली की वर्ग हसे. दुसऱ्या बाकावरची संघरत्ना तेवढी मान खाली घाली. हाकेपाठोपाठ माणसे चहा अर्धा टाकून धावत. जीप भरली की काळूभाऊ तिच्या पत्र्यावर दोन थापा मारत आणि निघत.

वाचन त्यांच्या घरी, दुपारच्या वेळी सुरू झाले. माघ संपत आला होता. काळूभाऊ भिंतीला टेकून बसत, समोर संघरत्नाचा फोन, हातात माझी पाने. त्यांच्या पत्नी छायाबाई दाराशी वालाच्या शेंगा सोलत. मी शेजारी खुर्चीवर.

“‘निरभ्र नभोमंडळात शुभ्र बलाका विहरते,’” काळूभाऊंनी अडखळत वाचले आणि पान खाली ठेवले. “गुर्जी, ही बलाका कोन?”

“बगळी.”

“मंग बगळी म्हना ना! बगळीनं काय घोडं मारलंय तुमचं?”

“वाचा मुकाट,” छायाबाई म्हणाल्या. “पुढल्या महिन्यात बोलता नाय येनार, तवा आठवेल.”

“पुढल्याचं पुढं. आज गुर्जींची बलाका फुडच्या शिटावर बसवतो. भाडं नाय घेत तिचं.” ते हसले, हसता हसता खोकला आला. “छाये, पानी दे गो.”

“आले, आले. किती घाई!”

मी त्यांना पुन्हा वाचायला लावले. प्रत्येक शब्द सुटा, स्पष्ट, कुठेही हेल नको, असे सांगून मी स्वतः म्हणून दाखवी आणि ते माझ्यामागून म्हणत. शाळेतल्या मुलापेक्षाही ते आज्ञाधारक होते. मात्र दोन वाक्यांमध्ये त्यांचे आपले बोलणे चालूच असे. रस्त्याने जाणारा शेजारचा पोश्या दारातून डोकावून ओरडला, “काय काळूदादा, शाळेत नाव घातलं काय?” त्यावर त्यांचे उत्तर तयार, “हो रे, तुझं पन घालतो. पाटी घेऊन ये!” फोन हे सगळेच टिपत होता, संघरत्ना तो मधे बंद करत नसे.

शेवटच्या दिवशी तीनशे विसावे वाक्य संपले. काळूभाऊंनी पाने नीट जुळवून माझ्या हाती दिली, दाराबाहेर रस्त्याकडे पाहिले, छातीत वारा भरला आणि कोणी सांगितले नसताना ती हाक दिली. “शापूऽर, शापूर, शापूर! आसनगाव टेसन!” गल्लीत कोणी तरी हसले. छायाबाईंचा हात शेंगेवर थांबला. मी घड्याळात पाहिले, कारण सरळगावमार्गे जाणारी माझी बस चुकली असती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. संघरत्नाच्या पडद्यावर दोन काळ्या खिडक्या उघड्या होत्या. त्यांत चित्र नव्हते, बटण नव्हते, केवळ अक्षरे. प्रत्येक खिडकीत कोड लिहिणारा एकेक सहायक होता, माणूस नव्हे, कृत्रिम बुद्धीचा. संघरत्ना साध्या मराठीत एक ओळ लिही. सहायक आपण काय करणार ते आधी मांडी, मग अनुज्ञा मागे, आणि ती मिळाल्यावरच कामाला लागे. डावीकडचा काम करी, उजवीकडचा त्या कामावर नजर ठेवी. नुसती अक्षरेच ये-जा करत असल्याने किन्हवलीच्या मंद इंटरनेटवरही हे चालते, असे ती म्हणाली.

“प्रत्येक पायरीला अनुज्ञा घेणारा शिष्य मला एकतीस वर्षांत लाभला नव्हता,” मी म्हणालो. ती कितीतरी दिवसांनी हसली.

अडचण जागेची होती. आवाज घडवण्यासाठी संगणकात मोकळी जागा पुष्कळ लागते आणि अकरा दिवसांच्या ध्वनिमुद्रणाने तो भरून गेला होता. फोन लहान, तो ती रोज रिकामा करी. तेवढे सगळे इंटरनेटवरून दुसरीकडे पाठवायचे तर आठवडा गेला असता, आणि परवा रुग्णालयात दाखल व्हायचे होते. तिने डावीकडच्या सहायकाला उपाय विचारला. त्याने सारे ध्वनिमुद्रण चाळून पडद्यावर लिहिले:

‘दिलेल्या वाक्यांशी जुळणारे तुकडे : ३२०. न जुळणारे तुकडे : ५४१. यांत घरगुती बोलणे, हसणे, खोकला आणि हाका आहेत. जागा करण्यासाठी न जुळणारे तुकडे काढता येतील. काढल्यास ते परत मिळणार नाहीत. काढू का?’

काही क्षणांत उजवीकडच्या खिडकीत ओळ उमटली: ‘न जुळणाऱ्या तुकड्यांत बोलण्याची सहज लय अधिक आहे. आवाज घडवताना ती उपयोगी पडेल. आधी बाहेरच्या डिस्कवर प्रत ठेवावी, असे सुचवतो.’

संघरत्नाने हात कळफलकावरून उचलला आणि माझ्याकडे पाहिले. “बाहेरची डिस्क शहापूरला मिळेल. उद्याचा दिवस जाईल त्यात. काय करू, सर?”

मी पोथीसमोर बसल्यासारखा बोललो. “मूळ पाठ तीनशे वीस वाक्यांचा. उरलेले सगळे मध्ये घुसलेले. काढून टाक.”

तिने हात पुन्हा कळफलकावर ठेवला. मग तिने ‘हो’ असे लिहिले. एक ओळ सरकली, आणि संगणकात जागा झाली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. सव्वा महिन्याने काळूभाऊ घरी परतले. गळ्याशी श्वासासाठी ठेवलेले छिद्र आणि त्यावर पांढरा रुमाल. आवाज तयार झाल्याचा निरोप मिळताच मी किन्हवलीला गेलो. खरे सांगायचे तर, आपली वाक्ये कशी फळली हे पाहण्याची उत्सुकता मनात होती.

ओटीवर पत्र्याच्या आडोशाला काळूभाऊ बसले होते. छायाबाई आत पाठमोऱ्या भाकऱ्या थापत होत्या. संघरत्नाने नवा फोन वडिलांच्या हाती दिला. त्यांनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिले आणि बटण दाबले.

“छाये, पानी दे गो.”

आवाज निःसंशय काळूभाऊंचा होता. शब्दही त्यांचेच होते. पण प्रत्येक शब्द सुटा, स्पष्ट, कुठेही हेल नाही.

छायाबाईंनी वळून आमच्याकडे नव्हे, तर बाहेरच्या रस्त्याकडे पाहिले. “कोन आलंय गो?”

“आई, बाबा बोलले.”

त्या पीठभरल्या हातांनी बाहेर आल्या. काळूभाऊंनी बटण पुन्हा दाबले. छायाबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. “आवाज यांचाच हाय,” त्या हळू म्हणाल्या. “पन बोलतोय कोन? तपासनीस आल्यावर पोरं बोलतात ना, तसं बोलतोय.” मग आपण काही वावगे बोललो की काय असे वाटून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि त्या आत गेल्या.

काळूभाऊंनी फोन पुन्हा हाती घेतला. या वेळी त्यांना बराच वेळ लागला. त्यांनी काय लिहिले असेल ते मी ऐकण्यापूर्वीच ओळखले.

“शापूर. शापूर. शापूर. आसनगाव टेसन.”

एखाद्या पाटीवरची नावे कोणी वाचून दाखवावीत, तसे ते उमटले. काळूभाऊंचे खांदे हलले. गळ्यातून ध्वनी येत नसल्याने ते हसत होते की रडत होते, हे मला कळले नाही, आणि मान वर करून पाहण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

संघरत्ना आत जाऊन संगणकासमोर बसली. मी तिच्यामागे उभा राहिलो. काळ्या खिडकीत तिने लिहिले, की बाबांचे मधले बोलणे, हसणे, हाका, जे काही उरले असेल ते शोध. सहायकाने दीर्घ शोध घेतला. मग लिहिले: ‘ते ५४१ तुकडे आता या संगणकावर नाहीत. शस्त्रक्रियेपूर्वी जागा करताना ते तुमच्या अनुज्ञेने कायमचे काढले गेले. रिकाम्या जागेवर नंतर आवाज घडवण्याचे काम झाले असल्याने ते परत मिळवता येत नाहीत. मला खेद वाटतो. त्यांचे ध्वनिमुद्रण आणखी कोणाकडे असू शकेल का?’

पुढचे पंधरा दिवस तिने तो शोध घेतला. काळूभाऊंचा जुना फोन साध्या बटणांचा होता, त्यात काही नव्हते. पुतण्याच्या लग्नाच्या चित्रफितीत ते हात उंचावून काही तरी सांगताना दिसतात, पण वर बँड वाजतो आहे. विहारातल्या वंदनेचे एक ध्वनिमुद्रण मिळाले. त्यात तीस कंठ एकत्र आहेत. त्यांतला बाबांचा तेवढा वेगळा काढून दे, असे तिने सहायकाला विनवले. त्याने प्रयत्न केला आणि जे हाती आले ते कोणाचेच नव्हते.

शुद्ध पाठ सिद्ध झाला म्हणून मूळ पोथी कोणी जाळत नाही. ज्या नकलकाराला आपण चुकीचा ठरवतो, त्याचेही पान आपण कापडात बांधून जपतो. माझ्या विद्येचा हा पहिला नियम आहे, आणि मी तो जन्मभर पाळला. पाच मृत पोथ्यांच्या बाबतीत पाळला.

“मला ठाऊक होतं, सर,” नंतरच्या एका दुपारी संघरत्ना म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. “प्रत ठेवायला हवी, हे मला ठाऊक होतं. माझं रोजचं कामच आहे ते. पण तुमच्यासमोर ‘नको’ म्हणायला जीभ रेटली नाही.”

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“या सहायकांसाठी एक टिपणाची फाइल असते,” ती म्हणाली. “काम सुरू करताना ते आधी ती वाचतात. त्यात काय लिहून ठेवू?”

“लिही, की विचारल्याशिवाय काहीही काढू नये.”

तिने लिहायला बोटे ठेवली आणि तशीच राहू दिली. “विचारलं होतं ना, सर. दोघांनीही.”

मी उठून ओटीवर आलो. काळूभाऊ रस्त्याकडे पाहत बसले होते. नाक्यावर आता दुसऱ्या कोणाची तरी जीप उभी होती आणि तिचा चालक मुकाट्याने हॉर्न वाजवत होता. मी त्यांच्यासमोर बसलो आणि जे घडले ते सांगितले. अनुज्ञा तिने लिहिली, पण ती माझी होती, हेही सांगितले. त्यांनी एकदाही नजर काढून घेतली नाही. मग फोन उचलला आणि एका बोटाने सावकाश लिहू लागले.

“जाऊ द्या, गुर्जी. तुमची बलाका तेवढी राहिली शिटावर.”

थट्टा त्यांची होती. हसू तिच्यात नव्हते. वाक्य माझ्या शिकवणीप्रमाणे निर्दोष उमटले आणि संपले.

काळूभाऊंनी फोन पालथा ठेवला आणि शेजारच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारल्या.

“आले, आले,” आतून छायाबाई म्हणाल्या. “किती घाई!” आणि पाण्याचे दोन पेले घेऊन त्या बाहेर आल्या.