शेजारच्या खिडकीवर

"या खिडकीवरून त्या खिडकीवर कितीदा हाकलता हो म्हाताऱ्याला?" काउंटरशी आजोबा कुरकुरले.

"चिमणीकडे जा ना आजोबा, ती चटकन करून देईल," धाकटी म्हणाली.

विमा, ठेवी, नवी खाती, साहेबांच्या डोळ्यांत भरेल असं प्रत्येक काम ती शेजारी सरकवायची. चिमणी तिच्या मागून बँकेत लागलेली, दिवसभर चिवचिवणारी पोर. कामात खरं तर धाकटीचा हात धरणारं शाखेत कोणी नव्हतं. पण बढती म्हणजे बदली. आणि बदली झाली तर आईचं कोण करणार? अर्धं अंग लुळं पडल्यापासून आईला कूस बदलायलाही धाकटीच लागायची. दिवसा शेजारच्या काकू बघायच्या, त्याही उपकार केल्यासारख्या. दादा परगावी, तो फोनवर काळजी करायचा, अगदी मन लावून.

दर वर्षी साहेबांचा शेरा एकच: काम बेताचं. "मला नाही गं जमत," धाकटी घरी सांगायची. "बापावर गेलीस," म्हणून आई भिंतीकडे बघायची.

त्या संध्याकाळी चिमणी मिठाईचा डबा घेऊन घरी आली. "काकू, मी ऑफिसर झाले!" खाली वाकून ती आईच्या पाया पडली. "सगळं ताईंमुळे हो! निम्मी गिऱ्हाइकं त्यांनीच पाठवलीत. स्वतःकडे ठेवली असती ना, तर आज मी त्यांना मॅडम म्हणत असते."

धाकटीने डोळे वटारले, पण चिमणी कसली थांबतेय.

ती गेल्यावर धाकटीने भात कालवून घास पुढे केला. आईने ओठ मिटून घेतले.

"आई, तोंड उघड ना."

"कधीपासून चाललंय हे?"

"काय?"

"ढ असल्याचं सोंग."

"तिचं काय ऐकतेस! बडबडी आहे ती." धाकटीने नीट असलेली चादर पुन्हा नीट केली. "आणि मला कुठे घाई आहे? होईल की बढती, पुढे कधीतरी."

"पुढे म्हणजे कधी?"

धाकटी भात पुन्हा कालवू लागली. त्यात आता कालवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"बोल ना बाई. कधी?"

"आई, जेव गं."

आईने चालत्या हाताने तिचं मनगट धरलं.

"मी मेल्यावर," आई म्हणाली. "तू त्याचीच वाट बघतेयस. मीसुद्धा."