आंदणात गेलेल्या पेट्या

चंद्रकांताबाईंच्या अंगावर दोन बांगड्या आणि एक साखळी एवढंच सोनं होतं. पण दागिन्यांच्या जुन्या पेट्या मात्र गोंदियाजवळच्या त्यांच्या फुलचूरच्या घरात भिंतभर फळ्यांवर मांडलेल्या होत्या.

बाई नर्स होत्या. सालेकसा, देवरी, आमगाव अशी सगळी नोकरी खेड्यांच्या उपकेंद्रांत गेली. लग्न राहून गेलं. आधी वडिलांचं दुखणं होतं, मग आईचं, आणि ते सरलं तेव्हा कोणी विचारायला उरलं नव्हतं. सालेकशाकडच्या एका गावात, बाळंतिणीला पाहायला गेलेल्या असताना, त्या घरची एक पितळी पेटी मोडीत निघालेली त्यांनी पाहिली. झाकणावर मोर, मोराच्या चोचीत कडी. आतली मखमल उंदरांनी कुरतडलेली होती. बाईंनी ती विकत मागून घेतली. तिथून लागलेला नाद सुटला नाही. गोंदियाच्या भांडेबाजारातले दुलीचंद शेठ मोडीत आलेल्या मालातून अशी पेटी निघाली की बाजूला काढून ठेवायचे आणि फोन करायचे, "सिस्टर, आपकी चीज आई है."

शिसवी पेटी होती, तिच्यावर हाडाच्या तुकड्यांची वेल जडवलेली. छत्तीसगडकडून आलेली ओतीव पितळेची गोल डबी होती. झाकण उघडलं की वाजायची अशी एक विलायती पेटी होती, पण तिचं वाजणं कधीचंच बंद पडलं होतं. रविवारी बाई पितळ चिंचेने घासायच्या, लाकडाला तेलाचं बोट लावायच्या. कुठल्या तरी घरच्या बाईने रोज संध्याकाळी यात कानातले काढून ठेवले असतील, असं त्यांच्या मनात यायचं. याच्यापलीकडे या नादाचं कारण त्यांना सांगता आलं नसतं, आणि कोणी विचारतही नव्हतं.

मे महिन्यात त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, चंदाच्या, मुलीचं लग्न ठरलं. मुलगी चेतना, मुलगा दवनीवाड्याचा राहुल. घरी धानाची शेती. लग्नाच्या आधी चंदा फुलचूरला आली आणि भिंतीसमोर उभी राहिली.

"ताई, आंदणाच्या टेबलावर मांडायला पाहिजेत. स्टील आणि फ्रिज तर सगळेच मांडतात. यांच्यात चेतनाचे दागिने ठेवू. फोटो एकदम मस्त येतील."

"सगळ्या?"

"चांगल्या चांगल्या दे ना. दुसऱ्या दिवशी आणून देते."

बाई "ने" म्हणाल्या. जुन्या साड्यांत गुंडाळून पेट्या त्यांनीच भरून दिल्या.

लग्नात पेट्यांचं कौतुक झालं. बायका वाकून वाकून पाहत होत्या, फोटोवाल्याने त्यांचेच फोटो जास्त काढले. मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसून बाई ते पाहत होत्या आणि त्यांना बरं वाटत होतं. बिदाईच्या गडबडीत वरपक्षाच्या पोरांनी टेबल उचलायला घेतलं. कूलर गेला, पलंग गेला, भांडी गेली आणि त्यांच्याबरोबर पेट्याही टेम्पोत चढल्या. बाई उठून चंदाकडे गेल्या. चंदा मुलीच्या गळ्यात पडून रडत होती. अशा वेळी काय बोलणार? टेम्पो निघून गेला.

चार दिवसांनी त्यांनी फोन केला.

"ताई, आता कशी मागू? पोरीचं नाक कापलं जाईल तिथं," चंदा म्हणाली. "पहिल्यांदा माहेरी आली की सांगते तिला."

चेतना माहेरी आली आणि गेलीही. मग चंदा म्हणाली, पाहुणे आहेत. मग म्हणाली, धानाची रोवणी संपू दे. प्रत्येक फोननंतर बाईंना वाटायचं, जाऊ दे. जन्मभर त्या हेच म्हणत आल्या होत्या. वडिलांच्या जमिनीच्या वाटणीच्या वेळी म्हणाल्या, बदलीच्या वेळी म्हणाल्या. पण भिंतीवर पेट्या होत्या तिथे त्यांच्या आकाराचे पांढरे डाग उमटले होते, आणि सकाळी डोळा उघडला की पहिले तेच दिसायचे. रविवार तर कसा काढावा हेच त्यांना कळेना. एका रविवारी त्या दहा वाजेपर्यंत अंथरुणातच पडून राहिल्या. मग उठल्या, साडी बदलली आणि दवनीवाड्याच्या बसमध्ये जाऊन बसल्या.

गावात रोवणी चालू होती. राहुलच्या घराचं दार उघडं होतं आणि ओसरीवर त्याची आई शकुंतलाबाई नुकतीच धानाच्या बांधीतून येऊन बसली होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावरचा पदर ओला.

"या, विहीनबाई. असं अचानक?" ती भिंतीला टेकूनच म्हणाली. "उठून पानी देल्लं असतं, पण कंबरच उचलून नाही राहिली. चेतना! तुही मावशी आली वो."

चेतना पाणी घेऊन आली. मावशीला पाहून हसली, पण हसू लगेच ओसरलं. ती चहा ठेवायला आत गेली.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मोराची पेटी फ्रिजवर होती, तिच्यात किल्ल्या आणि तापाच्या गोळ्यांची पानं. विलायती पेटीत टीव्हीचा रिमोट. शिसवी पेटी खिडकीत होती. पावसाचे शिंतोडे येऊन तिचं झाकण फुगलं होतं आणि वेलीची दोन पानं निघून गेली होती.

तोपर्यंत बाईंनी काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. त्या एकदम बोलून गेल्या.

"शकुंतलाबाई, ह्या पेट्या माझ्या आहेत. टेबलावर मांडायला म्हणून दिल्या होत्या. आंदणातल्या नाहीत. न्यायला आले."

शकुंतलाबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग पेट्यांकडे पाहिलं.

"तुमच्या होत का? मंग आतापर्यंत काऊन नाही बोलल्या? सून तं म्हने का आईनं देल्ल्या." तिने ओला पदर मागे सारला. "घेऊन जा बाप्पा. आमी का मांगतल्या होत्या? त्याईची धूळ पुसू पुसू मले कंटाळा आला. एकात ठेवाचं ते दुसरीत सापडते."

बाईंना हसू यायला हवं होतं, पण डोळ्यांत पाणीच आलं. ते शकुंतलाबाईला दिसू नये म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

चेतना चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ट्रे ठेवून ती मावशीला आतल्या खोलीत घेऊन गेली.

"मावशी, मला फोन करायचा ना. डायरेक्ट सासूला सांगितलंस?"

"तुझ्या आईला कितीदा सांगितलं."

"आता घरात माझी काय इज्जत राहिली? सगळ्यांना वाटते मी खोटं बोलली."

"खोटंच बोललीस ना बेटा."

चेतनाचा चेहरा लाल झाला. "आणि नेऊन करशील काय? तुझ्यामागं कोण आहे? शेवटी सगळं मलाच तर येणार."

ती हे रागात बोलली. पण ते आज सुचलेलं नव्हतं. घरात कधीतरी बोललं गेलेलं होतं, हे बाईंना ऐकताक्षणी कळलं. त्या पलंगावर बसल्या. हाच तो आंदणातला पलंग.

"माझ्यामागं घेशील," त्या म्हणाल्या. "मी अजून आहे ना."

चेतना मागच्या दाराने निघून गेली आणि पुन्हा समोर आली नाही.

पेट्या शकुंतलाबाईनेच भरल्या. धानाची रिकामी गोणपाटाची चुंगडी आणली, जुने कपडे आणले, चिखलाचे हात धुऊन एकेक पेटी गुंडाळली. गोल डबीशी आली तेव्हा थांबली. तिच्यात दोडक्याचं आणि चवळीचं बी होतं.

"हे एक राहू देता का?" तिने विचारलं. "बियाले बेस आहे. झाकन घट्ट बसते, उंदीर नाही जात आत. नाही म्हनलं तरी चालते."

बाई डबीकडे बघत राहिल्या. ती त्यांच्या आवडीची होती. तिच्यासाठी त्यांनी दुलीचंद शेठच्या दुकानात तीन चकरा मारल्या होत्या.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "चिंचेनं घासत जा मधून मधून."

"बी टाकून झालं का घासीन."

तेवढ्यात शेतातून आलेल्या राहुलने चुंगडी मोटरसायकलवर समोर घेतली आणि बाईंना स्टँडपर्यंत सोडलं. वाटेत तो एवढंच म्हणाला, "मावशी, तिचं मनावर नका घेऊ. तिले इथं अजून करमून नाही राहिलं." बाईंनी मान हलवली. चेतनाला सासरी करमतं की नाही, हे एवढ्या दिवसांत आपण एकदाही विचारलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. पण परत जाऊन विचारण्याचं बळ त्या दिवशी त्यांच्यात नव्हतं.

घरी पोचायच्या आधीच चंदाचा फोन आला. "ताई, लोक काय म्हणतील? डब्ब्यांसाठी पोरीच्या सासरी जाऊन भांडलीस?" बाईंनी ऐकून घेतलं. भांडले नाही, एवढंही त्या बोलल्या नाहीत. चुंगडी दाराआड ठेवली आणि साडी न बदलता आडव्या झाल्या. चुंगडी कितीतरी दिवस तशीच पडून होती. मग एकेक पेटी काढून त्यांनी परत फळ्यांवर लावली. शिसवीचं झाकण नीट बसेना, तेव्हा ते अर्धवट उघडंच राहू दिलं. पेट्या परत आल्या याचा आनंद होईल असं त्यांना वाटलं होतं. तसा आनंद काही झाला नाही. फक्त सकाळी डोळा उघडला की पहिले जे डाग दिसायचे, ते दिसायचे थांबले.

चंदा दोन महिने बोलली नाही, मग कामापुरती बोलायला लागली. चेतना दिवाळीनंतर बाईंकडे आली, गावोगाव मंडईच्या जत्रा भरण्याचे दिवस असताना. एकटीच आली. तिने भिंतीकडे पाहिलं नाही, बाईंनीही तो विषय काढला नाही.

"आमच्याकडं मंडई आहे," ती म्हणाली. "सासूनं बोलावलं तुला. रात्री दंडारीचा खेळ आहे. म्हणे विहीनबाईले घेऊनच ये."

"आणि तू?"

"मी घ्यायला आली ना."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पोरगी वाळली होती. हातावर धानकापणीचे ताजे ओरखडे होते.

"तुला करमते का गं तिथं?"

चेतना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"थकायला होते," शेवटी म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. "बस जरा. भात टाकते. जेवून निघू."