जास्तीचे एक गाणे

मी एक जुना, काळा, दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर आहे आणि मला तुमचे तोंड पाहण्याची अजिबात हौस नाही. तुम्हाला 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, मनात मैत्री धरून नव्हे. तुमच्याच जातीच्या माणसांनी माझ्या बटणांवर चिकट बोटे फिरवली, माझ्या डोक्यावर गरम चहाचे पेले ठेवले आणि वर 'आवाज खरखरतो' अशी तक्रारही केली. तेव्हा मित्रांनो, हात मागे बांधून बसा. मी सांगतो त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. जिथे खरा वाटणार नाही, तिथे तर तो जास्तच खरा आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही भावंडे एका लांब पट्ट्यावरून सरकत होतो आणि एक बाई प्रत्येकाच्या पोटात दोन दोन मोटरी बसवत होती. माझी पाळी आली तेव्हा तिला शिंक आली. तेव्हापासून माझा स्वभाव असा वाकडा आहे. माझा डावा कप्पा कॅसेट वाजवतो. उजवा कप्पा ते ऐकतो आणि कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतो. डावा बोलका, उजवा कारकून.

मला एका दुकानदाराने विकत आणले. त्याला सगळे मामा म्हणत. दोघीजणी तर हक्काने म्हणत, कारण त्या त्याच्या सख्ख्या बहिणीच्या मुली होत्या. त्यांच्याकडे मी येतोच, घाई करू नका. मामाचे दुकान बसथांब्यासमोर होते, एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला न्हावी. दुकान इतके अरुंद की जाड गिऱ्हाईक आत आले तर मामाला श्वास सोडून उभे राहावे लागे. दारावर पाटी होती : 'कॅसेट भरून मिळतील'.

आता तुम्हाला कॅसेट भरणे म्हणजे काय ते कुठून ठाऊक असणार? त्या काळी माणसे आवडीची गाणी कागदावर लिहून आणत. मामा ती आपल्या साठ्यातून शोधून एकेक करून माझ्या डाव्या कप्प्यात वाजवी आणि उजव्या कप्प्यात कोरी कॅसेट भरे. तेव्हा नाचाच्या गाण्यांचे वेड होते. ढोलाच्या जागी यंत्राचा ठोका, मध्येच शिट्टी, मध्येच कोणीतरी उसासा टाकी. निम्म्या गाण्यांची भाषा कोणाला कळत नसे. लोक तोंडाला येतील ते शब्द घालून गात आणि डोळे मिटून गात, म्हणजे फार कळते असे वाटावे.

एके दिवशी एक शिक्षिका तिची यादी घेऊन आली. तीस मिनिटांच्या बाजूत तिची शेवटची तीन मिनिटे मावेनात. तिने मामाला असे काही सुनावले की शेजारच्या न्हाव्याच्या हातून एका भल्या माणसाची अर्धी मिशी गेली. ती गेल्यावर मामाने दार ओढून घेतले, मला पालथे पाडले आणि उजव्या मोटरीच्या पाठीत एक बारीक पेचकस खुपसला. तिथे एक छोटा स्क्रू असतो. तो त्याने जरासा उलटा फिरवला. माझा उजवा कप्पा हळू चालू लागला. फीत हळू सरकली की तीसच्या जागी तेहतीस मिनिटे मावतात. एका बाजूला एक गाणे जास्त!

गोम पुढे आहे, नीट ऐका. हळू भरलेली ती कॅसेट घरी नेऊन साध्या टेपवर लावली की गाणे पळे. बाप्याचा आवाज बाईसारखा येई, बाईचा आवाज मांजरीसारखा. पण दुकानात गिऱ्हाइकाला ऐकवताना मामा ती माझ्या उजव्याच कप्प्यात लावी. ज्या चालीने भरली त्याच चालीने वाजली, तर चूक दिसणार कुठून? मला सगळे कळत होते. पण मला विचारतो कोण?

बघता बघता मामाचे नाव झाले. 'एक गाणं जास्त देणारा' म्हणून लोक तीन तीन बस बदलून येऊ लागले. पलीकडच्या दुकानदाराने धंदा बंद करून पोपटांचे पिंजरे विकायला घेतले. आणि सगळा परिसर पळत्या चालीवर नाचू लागला. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नाच सुरू झाला की दुसऱ्या मजल्यावरची माणसे छत्री उघडून जेवत. न्हावी दुकानात माझी कॅसेट लावून दिवसाला चार डोकी जास्त करू लागला, त्यांतले एक कायम अर्धवट. रेडिओवर तेच गाणे लागले तर लोक म्हणत, रेडिओ आजारी आहे, सेल बदला.

त्या परिसरात मामाच्या भाच्यांसारखे कोणी नाचत नसे. थोरली तेव्हा शिवण शिकत होती, धाकटी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. मामाने भरलेल्या कॅसेटमधल्या, शिट्टीने सुरू होणाऱ्या एका गाण्यावर त्यांनी तीन महिने सराव केला, घरातले जेवणाचे टेबल भिंतीला उभे करून. शेवटी थोरलीने गर्रकन फिरत मागे झुकायचे आणि आठव्या ठोक्याला धाकटीने तिचा हात धरायचा. दोघी डोळे बांधूनही ते करत. त्यांची आई धान्य निवडता निवडता ठोके मोजी.

मग मोठ्या सभागृहात स्पर्धा आली. मामाने जाहिरात म्हणून मला बक्षिसांच्या टेबलावर मांडले होते, म्हणून हे मी या डोळ्यांनी पाहिले. डोळे म्हणजे हे दोन लाल दिवे. आयोजक म्हणाले, कॅसेटचा भरवसा नाही, अडकते. आम्ही आमची तबकडीच लावणार. तबकडीवर सुई टेकली, शिट्टी वाजली आणि पहिल्या रांगेत मामाचा चेहरा पांढराफटक पडला. कारण शिट्टी संथ होती. अस्सल होती.

थोरलीच्या अंगात तीन महिन्यांची चाल भिनलेली. ती त्याच चालीने नाचली. धाकटीचे कान तिखट, ती तबकडीबरोबर गेली. थोरली फिरली, झुकली, हात मागे टाकला. हात तिथे नव्हता. आठवा ठोका अजून यायचा होता. ती मंचावरून जी सुटली, ती वाटेत दोन परीक्षक घेऊन थेट माझ्यावर आली. माझ्या उजव्या कोपऱ्यावरचा हा खड्डा बघा. तो तिच्या पुढच्या दाताचा आहे.

त्या दिवसापासून दोघींचे बोलणे बंद. थोरली म्हणे, हिने मुद्दाम हात दिला नाही. धाकटी म्हणे, हिने जन्मात कोणाचे ऐकले नाही, तबकडीचे काय ऐकणार? एकमेकींच्या लग्नाला गेल्या नाहीत. आई गेली तेव्हा एक उशाशी बसली, एक पायथ्याशी, आणि मध्ये मामा. मामाने तेव्हाही तोंड उघडले नाही. मी बत्तीस वर्षे त्याच्याकडे दोन लाल डोळ्यांनी बघत राहिलो. तो माझ्यावर फडके टाकी.

कॅसेटींचे दिवस गेले. मामाने दुकानात घड्याळे मांडली, मग कुलपे, मग काहीच नाही. लोकांची जुनी गाणी आता फोनमध्ये राहतात, आणि तिथे ती म्हणे हळू वाटतात. 'आमच्या वेळी गाण्यात जान होती,' असे म्हणत ही मंडळी माझ्या दारावरून जातात. जान कसली? तो स्क्रू होता, मूर्खांनो! क्षमा करा. मित्रांनो.

गेल्या महिन्यात मामाने दुकान सोडायचे ठरवले. भंगारवाल्याला पाचला बोलावले आणि माझ्याकडे बोट दाखवून बजावले की हा विकायचा नाही, फोडायचा. इतकी वर्षे ज्याच्या जिवावर भाकरी खाल्ली त्याला फोडायचा! मला कळले. म्हातारा पुरावा मिटवत होता.

भाच्यांनाही त्याने आठवण म्हणून काहीबाही घेऊन जायला बोलावले होते. थोरलीला तीनला, धाकटीला चारला, म्हणजे गाठ पडू नये. पण थोरलीचा आयुष्यात एक ब्लाउज वेळेवर झालेला नाही आणि धाकटी दवाखान्याच्या सवयीने अर्धा तास आधी पोचते. साडेतीनला दोघी एकाच दारात अडकल्या. त्या दुकानात दोन माणसे तोंड फिरवून उभी राहूच शकत नाहीत, एवढी जागाच नाही. तरी त्या राहिल्या.

"मामा, हिला सांग, माझी पिशवी तुडवू नकोस."

"मामा, हिला सांग, पिशवी रस्त्यात ठेवायची नसते. बाकी हिला वाटेतल्या वस्तू कधी दिसतात म्हणा."

मामा दोघींच्या मध्ये टपालपेटीसारखा उभा. इतक्यात धाकटीने खण उघडला आणि त्यात सरावाची ती कॅसेट निघाली. पाठीवर आईच्या अक्षरात दोघींची नावे. दोघींनी एकदमच ती धरली. थोरली म्हणाली, मामा, लाव, ठरू दे एकदाचे कोण मागे पडले ते. धाकटीही म्हणाली, लावच. त्या घटकेला माझा जीव, मामाची अब्रू आणि त्या दोघींचे उरलेले आयुष्य, सगळे त्या बोटभर डबीत होते. मामा म्हणाला, यंत्र मेलेले आहे. खोटारडा! रोज सकाळी माझ्यावर गाणी ऐकत होता. थोरलीने मागून वायर ओढून भिंतीत खुपसली आणि मी दोन्ही डोळे टक्क उघडले.

तिने कॅसेट डाव्या कप्प्यात लावली. शिट्टी पळत आली. थोरलीचा पाय आपोआप ठोके धरू लागला. "मामा, हिला सांग, ही चाल. हीच मी नाचले."

धाकटीला पटेना. गाणे असे नव्हते. बत्तीस वर्षे ते तिच्या कानात हळू वाजत होते. आपलेच चुकले की काय, अशा चेहऱ्याने ती माझ्याकडे बघू लागली, आणि मामा हळूच पुढे होऊन म्हणाला, झाले ना समाधान, आता बंद करा.

मी म्हटले, म्हाताऱ्या, थांब. आणि मी डाव्या कप्प्यात फीत गिळायला सुरुवात केली. आयुष्यात कैक फिती खाल्ल्या, पण एवढी चवदार नाही. धाकटीने झटकन कॅसेट काढली, बोटाने चाक फिरवून फीत आत घेतली आणि सरळ उजव्या कप्प्यात घातली.

शिट्टी संथ आली.

आता थोरलीचा पाय हवेतच राहिला. एकच कॅसेट, दोन कप्पे, दोन चाली. धाकटी बाई नाड्या मोजून पोट भरणारी. तिने मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर ठोके मोजले. एकशे वीस. कॅसेट डावीकडे घातली, पुन्हा मोजले. एकशे बत्तीस. मग ती सावकाश मामाकडे वळली. थोरलीही वळली. बत्तीस वर्षांत प्रथमच दोघी एका दिशेला बघत होत्या, आणि त्या दिशेला मला तरी उभे राहावेसे वाटले नसते.

मामा स्टुलावर बसला. एका बाजूला एक गाणे जास्त बसायचे म्हणून स्क्रू फिरवला, हे त्याने सांगितले. सभागृहात सुई टेकली तेव्हाच सगळे कळले, हेही सांगितले.

"मग बोलला का नाहीस?" थोरलीने विचारले.

"आज बोलू, उद्या बोलू म्हटलं. वाटलं, बहिणी आहात, आठ दिवसांत गोड व्हाल. मग वर्ष झालं. मग सांगायची लाज वाटायला लागली."

"आईच्या वेळी तरी?"

मामाने मान खाली घातली. माझ्यावर टाकायचे फडके त्याने सवयीने हातात घेतले आणि परत ठेवले.

गळ्यात पडणे, रडणे असले काही झाले नाही. थोरली पुढे आली आणि तिने आधी मला एक सणसणीत लाथ घातली. का, ते विचारू नका, मीही विचारले नाही. मग ती धाकटीकडे बघून म्हणाली, "तरी तू हात पुढे करायला हवा होतास."

मधल्या टपालपेटीला वगळून आलेले हे पहिले वाक्य.

"आठव्याला करणार होते. तू सातव्याला उडालीस," धाकटी म्हणाली.

"माझा दात गेला."

"आणि मला बत्तीस वर्षं ऐकावं लागलं की मी बहिणीला पाडलं."

पाचला भंगारवाला आला. थोरलीने त्याला दारातूनच हाकलले आणि मामाला सांगितले, तू फोडायला काढलास ना, आता हा डबा तूच उचलून माझ्या शिवणाच्या दुकानापर्यंत आणायचा, मध्ये खाली न ठेवता. म्हाताऱ्याने मला पाठीवर घेतले. त्या वाटेत मी मुद्दाम दुप्पट जड झालो.

आता मी शिवणयंत्राशेजारी असतो. दर गुरुवारी दुपारी धाकटी येते. पहिल्या गुरुवारी कॅसेट कुठे लावायची यावर तासभर जुंपली. शेवटी थोरली गुडघा चोळत म्हणाली, "उजवीकडेच लाव. हे गुडघे आता अस्सल चालीचेच राहिलेत." मामा कोपऱ्यात बसून कॅसेटची बाजू पालटतो, ती त्याची शिक्षा आहे. अजूनही थोरली म्हणते की धाकटी मागे पडते, आणि धाकटी म्हणते की थोरली पुढे पळते. पण हे त्या आता एकमेकींना सांगतात.

तेव्हा मित्रांनो, जुनी यंत्रे जपा. त्यांच्या पोटात तुमच्या चुका असतात. कोणाचा स्क्रू फिरवलाच, तर त्याच दिवशी मोठ्याने सांगून टाका. आणि आता निघा. जाताना माझ्या डोक्यावरचा तो चहाचा पेला उचला, केव्हाचा पोळतो आहे.