अंदाजाने अठरा

वसतिगृहात तिला सगळ्या जणी घाईबाई म्हणत, आणि खोटं कशाला बोला, नाव शोभतही होतं. नर्सिंगचं तिसरं वर्ष. त्या दिवशी एप्रनच्या खिशात कॉलेज सोडायचा अर्ज होता. "चादरी बदलायच्या, आकडे भरायचे. माझ्या असण्यानं काय फरक पडतो, बाबा?" असं ती आदल्या दिवशी फोनवर रडली होती. बाबा म्हणाले, "ये बाई घरी. फक्त उद्याची ड्यूटी पुरी करून ये."

म्हणून ती वॉर्डात आली आणि पाट्या टाकू लागली. ताप मोजला, नाडी मोजली. श्वास मात्र कोण मोजतंय? मिनिटभर छातीकडे बघत उभं राहायला वेळ कुणाला? सगळ्या मुली बेधडक 'अठरा' लिहीत, धडधाकट माणसाचा असतो तेवढा. सकाळी सातला तिनं बाराही रुग्णांच्या तक्त्यांवर अठरा ठोकलं होतं. अकरालाही तेच चाललं होतं.

सातव्या खाटेवर एक म्हातारे शिंपीकाका होते. "पोरी," ते थांबत थांबत म्हणाले, "श्वासाला घड्याळ बघितलंच नाहीस तू. मी चाळीस वर्षांत... अंदाजानं कापड नाही कापलं."

तिचं तोंड एवढंसं झालं. रागही आला. म्हाताऱ्याला बरं दिसतं सगळं! तरी तिनं घड्याळ धरून मोजलं. बत्तीस. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. चौतीस.

ती धावतच सिस्टरकडे गेली. डॉक्टर आले, ऑक्सिजन लागला, काकांना अतिदक्षता विभागात हलवलं. थोडक्यात निभावलं.

सिस्टरनी तक्ता उचलला. "सातला अठरा, आणि अकराला एकदम चौतीस?"

'हो, अचानक वाढला' म्हटलं असतं की सुटली असती. उद्यापासून ती इथे नव्हतीच. पण काकांचं ते कापड काही डोक्यातून जाईना.

"सातला मी मोजलाच नव्हता, सिस्टर. कुणाचाच नाही. आत्ताही पहिल्या सहा जणांचा नाही."

"अगं भवाने! लिहून दे हे. फाइलला लागेल, कळतंय ना?"

"कळतंय."

खिशात एकच कागद होता. तिनं तो उलटा करून उभ्या उभ्या लिहिलं, सही केली. सिस्टरनी वाचलं, कागद उलटला, अर्जही वाचला.

"यातली कुठली बाजू प्राचार्यांकडे पाठवू?"

तिनं कागद परत घेतला, अर्जावर आडवी काट मारली आणि तो पुन्हा त्यांच्या हातात दिला.

मग ती पहिल्या खाटेशी गेली. तिथले आजोबा कुरकुरले, "मघाशी झालं ना माझं?"

"तुमचं झालं, आजोबा. माझं नाही झालं," ती म्हणाली, आणि घड्याळ हातात धरून पूर्ण मिनिट उभी राहिली.