कातळावरची सावली

कणकवलीच्या पक्षीमित्रांत गेल्या उन्हाळ्यापासून भाईंची थट्टा चालली होती. मालवणच्या समुद्रात, एका दूरच्या खडकाळ बेटाजवळ त्यांनी बूबी पाहिला होता. हा खोल समुद्रातला मोठा पांढरा पक्षी आपल्या किनाऱ्याकडे क्वचितच येतो. पण फोटो नव्हता.

"भाईनू, बदक असतला," असे मंडळातला पुष्कर भेटेल तेव्हा म्हणायचा.

बायको गेल्यावर घरात बोलायला कोणी उरले नव्हते, म्हणून भाई या मंडळींत आले होते. तिथेही आपले बोलणे कोणी खरे धरत नाही, हे त्यांना लागले होते.

यंदा मे महिन्यात ते गंगारामच्या होडीतून पुन्हा त्याच बेटाकडे गेले. बेटावर हजारो सुरय, म्हणजे लहान समुद्रपक्षी, बसले होते. त्यांच्यामागे, कातळाच्या आडून, बूबीचे पांढरे डोके दिसत होते. फक्त डोके.

"गंगाराम, होडी लाव. माका उतरूचा आसा."

"होडी लागाची नाय, भाईनू."

"अरे, दोन मिनटां. सगळेच उतरतत ना?"

"उतरतत. गेल्या वर्साक एक जण उतरलो, ताट वाजवन पाखरां उडवल्यान, फोटो काढल्यान. तेका मियांच होडयेतसून हय हाडलंय. मागसून थंय काय झाला, ताय मियांच बघलंय. दुर्बिणीतसून कातळ बघा. घरटा दिसता?"

घरटे कुठेच नव्हते. उघड्या कातळावर ठिपक्यांची अंडी तशीच पडली होती.

"ह्या उनात पाखरां ऊब देवक बसाक नाय. सावली धरून बसली हत. ती उडाली की अंडी भाजतत. उरली तर घार नेता."

"पण मंडळात माका खोटो म्हणतत, ता तुका काय म्हायत?"

"म्हणांदेत. तुमी काय तेच्यान मराचास नाय. हय पिल्लां मरतली."

भाईंनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. एक सुरय चोच उघडी टाकून, पंख सैल सोडून अंड्यावर उभा होता. उन्हाने धापा टाकत होता, पण हलत नव्हता. आणि आपण याला उठवायला निघालो होतो! भाईंना स्वतःची शरम वाटली.

"होडी मागे घे," ते म्हणाले. "लांबसूनच बघया."

तासभर ते लांबून बघत राहिले, तिथूनच एक फोटोही काढला. गंगारामने भाकरी आणि सुकट काढली, दोघांनी खाल्ली. बूबी काही बाहेर आला नाही.

संध्याकाळी मंडळात फोटोतला पांढरा ठिपका बघून पुष्कर हसला. "ह्या बदकच."

"बदक तर बदक," भाईही हसले. मग त्यांनी त्या सुरयाची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता पुष्करने खुर्ची जवळ ओढली. शेवटी पुष्करच म्हणाला, "भाईनू, फुडच्या येळाक माकाय न्हेवा. मी होडीतसून उतराचंय नाय."

त्या रात्री भाई समाधानाने जेवले.

वाचकहो, दुर्मीळ पाहुणा आपल्या किनाऱ्याला येतो, तो आपल्या फोटोसाठी येत नाही. विणीच्या दिवसांत बेटावर उतरू नका, पक्षी उडवू नका. लांबून जेवढे दिसेल तेवढे पाहून माघारी या. फोटो पुढच्या वर्षीही मिळेल, पण भाजलेल्या अंड्यातून पिल्लू बाहेर येत नाही.